जिन्यातली कारणं

"पैशांचं माझ्यावर सोडा, वहिनी. पोरगी घरातलीच आहे, परकी थोडीच आहे?" दीर म्हणाले आणि चहाचा कप बशीत ठेवायचं विसरून तो हातातच धरून बसले.

बाईंनी उत्तर दिलं नाही. समोरच्या खुर्चीत बसून त्या दिरांकडे नुसत्या बघत राहिल्या. ही त्यांची नोकरीतली पद्धत. बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून इतकी वर्षं काढली, पण 'तिकीट दाखवा' म्हणून त्या कधी ओरडल्या नाहीत. प्रवाशासमोर उभं राहायचं आणि गप्प राहायचं. तिकीट असलेला माणूस खिशात हात घालतो, नसलेला बोलायला लागतो. सुट्टे नव्हते, घाईत होतो, बायको दवाखान्यात आहे, आणि तसाही उतरणारच होतो की! कारणं जितकी जास्त तितकी बाईंची खात्री पक्की. डेपोत सगळे त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणायचे. अर्थात, हेही बाईंना ठाऊक होतंच.

दीरही बोलायला लागले.

"नाही म्हणजे, इथलं मेडिकल कॉलेज कसं, हाकेच्या अंतरावर. पोरगी डोळ्यांसमोर राहील. फी जरा तगडी आहे, मान्य. पण मी आहे ना! आणि आमच्या चिरंजीवांचा दवाखाना आता उभा राहतोय. बाहेरचे डॉक्टर टिकत नाहीत हो. ही पास झाली की बसेल तिथे आठदहा वर्षं. घरचं घरात."

"आठ की दहा?"

दीर मोठ्याने हसले. "तुम्ही पण ना, वहिनी! करार करायचाय का आपल्याला?"

"करायचा नसेल तर आकडा कशाला सांगितलात, भाऊजी?"

कप बशीत आला. थोड्या वेळाने दीर चप्पल शोधू लागले.

"अगं, त्याच्या चांगुलपणातही तुला खोटच दिसते," ते गेल्यावर नवरा पुटपुटला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जगाकडे बघायला लोकांना काचा लागतात, आणि आपल्या बायकोला मात्र भिंतीपलीकडचंही दिसतं, हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

"खोट नाही दिसत, गळ दिसतो. त्यांचा पैसा नको. आपण घरावर कर्ज काढू."

"पण ती लांबचं म्हणतेय ना? तिथे फी नावालाच आहे."

"म्हणू दे," बाई म्हणाल्या.

खरी गोम तिथेच होती. लांबचं सरकारी कॉलेज इतकं लांब, की रात्रभर प्रवास केल्यावर सकाळी पोचायचं. पोरगी सुट्टीपुरती दिसणार. आणि तिला नेमकं तेच हवं होतं. का, असं विचारल्यावर तिने तीन कारणं दिली होती. फी कमी. रुग्ण खूप, म्हणून शिकायला भरपूर. आणि हवा चांगली.

पहिली दोन बाईंनी ऐकून घेतली. हवेपाशी त्या अडल्या. जिने आजवर घरातली खिडकी स्वतःहून उघडली नाही, तिला हवा?

नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. बाईंनी मुलीच्या क्लासच्या कारकुनाला गोड आवाजात फोन लावला. त्या कॉलेजात क्लासमधल्या आणखी दोघांचं नाव लागलं होतं. दोघेही मुलगे. त्यातला एक उंच, केस कपाळावर आलेला, नोट्स मागायला घरीही येऊन गेलेला. बाई धास्तावल्या, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना थोडं बरंही वाटलं. निदान कारण तरी सापडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी प्रवेश केंद्रावर गेल्या. दोन्ही कॉलेजांत नाव लागलं होतं. आज संध्याकाळपर्यंत एक जागा पक्की करायची आणि दुसरी सोडायची. लांबच लांब व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, आणि बाकांवर आपल्याच मुलांना दबक्या आवाजात दटावणारे आईबाप. बाई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कपाळावरचे केस बघत होत्या.

"कोणाला शोधतेस?" मुलीने विचारलं.

"छे! पंखा कुठे आहे ते बघतेय."

"पंखा तुझ्या डोक्यावर आहे, आई."

बाई गप्प बसल्या. नेहमीसारख्या. आता ही बोलेल.

मुलगीही गप्प बसली. ती या बाईंच्या हाताखाली वाढली होती. शेवटी मुलगीच म्हणाली, "तू क्लासमध्ये फोन केला होतास ना?"

"कोण म्हणालं?"

"त्या कारकुनाच्या पोटात काही राहतं का? सगळ्या क्लासला कळलंय. आई, त्यातल्या एकाला मी ओळखतसुद्धा नाही. आणि तो उंच आहे ना, तो नोट्स नेतो आणि परत देत नाही. मी जन्मभर त्याच्याशी भांडेन, पळून नाही जाणार."

बाईंना हसू आलं. त्यांनी ते गिळलं. "मग हवा कशाला सांगितलीस?"

"कारण तुला दोन कारणं पुरली नसती."

"आणि खरं कारण?"

मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग आईकडे न बघता म्हणाली, "मला एकदा उशिरा घरी यायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. उशीर झाला म्हणून उशिरा. क्लास लांबला, मैत्रिणीशी गप्पा मारल्या, काहीही. पण मी जिन्यातच थांबते, आई. पहिल्या मजल्यावर कारण तयार करते, दुसऱ्या मजल्यावर घोकते. खरं असलं तरी घोकते. दार उघडलं की तू बघतेस ना, तशी, न बोलता... मी काही केलेलं नसतं, पण मला विनातिकीट असल्यासारखं वाटतं. स्वतःच्या घरात."

बाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. तुझ्या काळजीपोटीच करते ना, एवढंच. पण आठवलं ते वेगळंच. ही तान्ही असताना बाई तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघायच्या. बोटाला ऊब लागली तरी पुन्हा बघायच्या. नवरा म्हणायचा, झोपू दे तिला. बाईंना वाटायचं, याला काय कळतंय? तपासणं म्हणजेच तर माया. ते बोट आपण कधी मागे घेतलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुठे काही लपवलेलं नव्हतं. तिथे नुसता थकवा होता.

"बाबांना माहीत आहे हे?"

"बाबाही जिन्यात थांबतात," मुलगी म्हणाली. "कधीकधी आम्ही दोघं एकदमच थांबतो."

आतून नाव पुकारलं गेलं. मुलगी उठली. तिच्यामागोमाग बाईही उठल्या, हातातली पर्स सावरून दोन पावलं चालल्याही. दारातला शिपाई म्हणाला, "पालक आले तरी चालतंय."

मुलीने मागे वळून पाहिलं. ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

"तू जा," बाई म्हणाल्या आणि बाकावर परत येऊन बसल्या.

शेजारी बसलेल्या एका मुलाच्या वडिलांना ते पटलं नाही. "आत नाही गेलात? अहो, आयत्या वेळी पोरं काहीही करतात. कुठलं घेणार आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? एवढी मोठी गोष्ट!"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

दार वाजलं तेव्हा त्यांनी मुद्दाम मान वर केली नाही. मुलीचा चेहरा पाहिला असता तर ती बोलायच्या आधीच सगळं कळलं असतं. त्या फरशीकडे बघत राहिल्या. मुलीच्या चपला समोर येऊन थांबल्या.

"लांबचं घेतलं, आई."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्सची चेन लावली. "बरं झालं. चल."

दोघी बसथांब्यावर आल्या. संध्याकाळचं ऊन रस्त्यावर तिरपं पडलं होतं. बाईंनी काही विचारलं नाही. या वेळी गप्प राहणं त्यांना फार जड गेलं, कारण आज त्यात काही डाव नव्हता.

"तिथे म्हणे एका खोलीत चौघी असतात," मुलगी एकाएकी म्हणाली. "आत एक जण भेटली, तिचंही तेच कॉलेज. झोपेत घोरते म्हणून आधीच माफी मागितली तिने! आणि आई, तुला सांगू का, मला ना, भीती वाटतेय. मुडद्यांची नाही. ते होईल. पण तिथे ताप आला तर..."

बस आली. दार उघडलं. वाहकाने बाईंना ओळखलं, सलाम ठोकला आणि मागच्या लोकांना थोपवून त्यांच्यासाठी वाट करून दिली.

बाईंनी त्याला हातानेच, जा, अशी खूण केली. मुलगी अजून बोलत होती.