निळ्या रेघांचा कागद

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा. खिडक्यांना जाड पडदे, टेबलावर शाईचे डाग, आणि कोपऱ्यात हँडल असलेलं एक ठेंगणं यंत्र. मी एक जुनं सायक्लोस्टाइल यंत्र आहे. हँडल फिरवलं, की माझ्यातून छापलेली पानं एकामागून एक बाहेर पडतात.

शाळेनं मोडीत काढलं, तेव्हा बाईंनी मला घरी आणलं. बाई त्याच शाळेत शिकवत. ‘निवडणुका घ्या’ असं त्या एकदा उघडपणे म्हणाल्या आणि त्यांची नोकरी गेली. मग तेच त्या माझ्याकडून छापून घेऊ लागल्या.

बाईंना कागद विकायचा नाही, असा दुकानदारांना दम होता. म्हणून गल्लीतली मुलं जुन्या वह्यांतली कोरी पानं आणून देत. बाईंची मुलगी चिमी ती सारखी करून माझ्यात ठेवी. निळ्या रेघांवर माझी अक्षरं तिरकी पडत.

“अगं, त्याला चष्मा लाव!” शेजारच्या आजी हसत. पण लोक ते पान शेवटपर्यंत वाचत. ते त्यांच्याच पोरांचं पान होतं.

एकदा वह्या संपल्या. बाईंचा भाऊ एक खोकं घेऊन आला. आत पांढराशुभ्र कागद.

“कुणी दिला?”

“बाहेरच्या एका सरकारनं, ताई.”

“त्यांना आपला पुळका कधीपासून?”

“तुला हवं तेच लिही. एक अक्षर बदला म्हणालेत का ते?”

ते खरंच तसं म्हणाले नव्हते. बाईंनी अंगठ्यानं कागद चाचपला. पडदे ओढलेले; उजेडाकडे धरून बघायचं कुणाला सुचलं नाही. माझी अक्षरं इतकी सुबक कधीच उमटली नव्हती. खरं सांगू? मला अभिमान वाटला.

आठवड्यानं मंत्र्यांनी टीव्हीवर आमचं पत्रक दिव्यापुढे धरलं. नोटेत दिसतं तसं कागदाच्या पोटात परक्या सरकारचं राजचिन्ह दिसत होतं. “हे बोलणं कुणाचं, ते बघा,” एवढंच ते म्हणाले.

आजी दारात आल्या. आत आल्या नाहीत.

“आजी, बोलणं माझंच होतं हो,” बाई म्हणाल्या.

“कागद संपला तर सांगायचंस गं. आम्ही भिंतीवरची कॅलेंडरं काढून दिली असती.”

दुसऱ्या दिवशी शिपाई बाईंना घेऊन गेले. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. गाद्यांच्या ढिगाखाली होतं, म्हणून मी वाचलं. त्या दूरच्या सरकारनं ‘आम्हाला काळजी वाटते’ असं पत्रक काढलं. बाई अजून आलेल्या नाहीत.

मित्रांनो, मदत वाईट असते, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शेजारी कुणी सगळ्यांसाठी बोलत असेल, तर त्याचा कागद संपलाय का, हे दुरून कुणी विचारण्याआधी तुम्ही विचारा.

काल चिमीनं गाद्या बाजूला केल्या. तिच्या गणिताच्या वहीत निम्मी पानं कोरी होती. ती तिनं फाडून माझ्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी माझं हँडल फिरवलं; बाईंचीच अक्षरं पुन्हा तिरकी उमटली. पहिलं पान खिडकीशी नेलं, पडदा सारला, उजेडाकडे धरलं. आत निळ्या रेघांखेरीज काही नव्हतं.

मग ते पान घेऊन ती आजींच्या दाराशी गेली आणि तिनं कडी वाजवली.