बरणीतलं न नासणारं फळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग ओलांडून डॉक्टरीणबाई आत शिरल्या, तेव्हा महाराज दोन बरण्या उंच धरून उभे होते. एकीत पाण्यात बुडवलेल्या सफरचंदाच्या फोडी, वर हिरवट बुरशी. दुसरीतल्या फोडी लाल, दाट, चकचकीत.

"फळं एकाच झाडाची!" महाराज गरजले. "हिला माझा हात लागला नाही, नासली. हिला लागला, महिनोन्महिने बाहेर आहे तरी मरण नाही! जे फळाचं तेच देहाचं. रोज वाटीभर खा. औषधं सोडा!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेत बाईंची मावशी बसली होती, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून.

या मावशीनंच बाईंना लहानाचं मोठं केलं होतं. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून सकाळीच ती दवाखान्यात आली होती. रक्तातल्या साखरेचा भलताच वर गेलेला आकडा बघून बाईंनी विचारलं,

"मावशी, गोळ्या घेतेस ना?"

"सोडल्या गं. महाराजांचं फळ खाते. बघ तरी चाखून, किती गोड!"

बाईंनी चाखलं. साधा जॅम होता. अंगारे झाले, गंडे झाले, फुंकलेलं पाणी झालं, आता हे. चिडायलाही अंगात त्राण लागतं, ते उरलं नव्हतं. मावशीला इस्पितळाची चिठ्ठी दिली, तर ती इथे येऊन बसली.

बाई पुढे झाल्या. "महाराज, यातलं चमचाभर मला द्याल?"

"श्रद्धा आहे?"

"भूक आहे."

लोक हसले. महाराजांना चमचा द्यावाच लागला. बाईंनी तो पेल्यात रिकामा केला. "आता यात पाणी ओता. तुमचा हात लागलाय, म्हणजे पाण्यानं काही बिघडणार नाही."

"पाणी अशुद्ध असलं तर?"

"उकळून गार केलेलं आणलंय. तुम्हीच ओता."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या होत्या. महाराजांनी ओतलं. फडकं बांधून पेला सभागृहातच कुलपात ठेवला.

पुढच्या सभेला तो बाहेर काढला, तेव्हा पहिल्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले. वर फेस, कडेला बुरशी.

"बाईंची नजर लागली!" महाराज ओरडले.

"तुमच्या मावशी दिसत नाहीत?" रांगेतल्या एका शिंप्यानं मध्येच विचारलं.

"इस्पितळात आहे. काल तिचा अंगठा कापावा लागला." बाईंचा आवाज चढला नाही. "आता नीट ऐका. हे फळ म्हणजे साधा जॅम. फळ शिजवलं की त्यातले जंतू मरतात. मग त्यात साखर इतकी असते की फळातलं पाणी ती धरून ठेवते. नवा जंतू पडला, तर त्याला पाणी मिळत नाही. उलट त्याच्याच अंगातलं ओढलं जातं. वर पिळलेल्या लिंबाचा आंबटपणा मदतीला असतो. त्या दिवशी पाणी ओतलं, पाक पातळ झाला, जंतूंचं फावलं. बुरशीच्या बरणीत साखर नव्हतीच. हात कुणाचाही लागो."

"मग आमच्या अंगात साखर वाढली, तर आम्हीही टिकू की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बरणीइतकी साखर रक्तात होण्याच्या कितीतरी आधी माणूस मरतो. आणि नुसती वाढते ना, तेव्हा जखमा भरत नाहीत, जंतू पोसले जातात. मावशीचं तेच झालं. ज्यांना चालतो त्यांनी जॅम खुशाल खावा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, यात काय घातलंय? पुन्हा करून बघू का? उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका. हात जोडते."

महाराज मागच्या दारानं केव्हाच सटकले होते. बाईंनी पिशवी उचलली. मावशीजवळ बसायला जायचं होतं. पण शिंपी मान खाली घालून समोर उभा राहिला. "बाई... माझ्याही गोळ्या बंद आहेत."

त्याच्यामागे एक आजी उठल्या. मग आणखी कुणी.

बाईंनी मोठा श्वास सोडला, पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. "बसा. कधीपासून?"