न्हाणीमागचा हीट पंप

कोरगावातल्या एका घराच्या न्हाणीमागे मी उभा आहे. पांढऱ्या पत्र्याची पेटी, पुढे जाळीआड पंखा, शेजारी पाण्याची गोल टाकी. मला हीट पंप म्हणतात. पुष्कळांना मी एसीचा बाहेरचा डबा वाटतो. वाटू दे. दिसायला आम्ही भाऊच. पण तो खोलीतली ऊब बाहेर टाकतो, आणि मी बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून पाण्यात सोडतो.

माझ्या पोटात आग नाही. माझ्या पाठीवर अॅल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पात्या आहेत, शेकडो. पंखा वारा ओढतो, वारा या पात्यांमधून जातो आणि जाताना आपली ऊब माझ्याकडे ठेवून जातो. थंडीच्या दिवसांत वाऱ्याकडेच ऊब कमी, म्हणून तेव्हा मला जास्त वारा लागतो. माझी पाठ मोकळी असावी, एवढंच माझं मागणं.

माझी पहिली वर्षं हरमलला गेली, समुद्राकाठच्या एका गेस्टहाऊसच्या गच्चीवर. पाहुणे अंगावरचं मीठ धुवायला अर्धा अर्धा तास पाण्याखाली उभे राहायचे आणि मी मुकाट्याने पाणी पुरवायचो. पण तिथला एक माणूस महिन्यातून एकदा पाइप घेऊन यायचा आणि माझ्या पाठीवरून हळू पाणी सोडायचा. तेवढ्यावर मी खूश होतो. पुढे ते गेस्टहाऊस बंद पडलं. सामान वाहून न्यायला टेम्पो आला, त्या टेम्पोचा मालक कृष्णनाथ. त्याने मला पाहिलं, चालू करून पाणी हाताला लावून बघितलं आणि घरी घेऊन आला.

आणलं ते आईसाठी. देवकीआजीचं वय अठ्ठ्याहत्तर. संधिवाताने तिच्या हातांची बोटं सकाळी आकड्यासारखी वळलेली असत. कढत पाण्यात बुडवून ठेवली की हळूहळू उघडत. मग ती स्वतः न्हायची, स्वतः लुगडं नेसायची, देवापुढे दिवा लावायची. पाणी नसेल तर त्या दिवशी बोटं मिटलेलीच. आणि बोटं मिटलेली असणं तिला परवडणारं नव्हतं, कारण कृष्णनाथने मला बसवलं त्याच दिवशी तिला बजावलं होतं.

"आये, तुझा तू न्हाऊन घेतंस, तवसर माझी ना नाय. ज्या दिवशी तुका उचलूक लागात, त्या दिवशी आश्रम. सुमंगलाच्या कमरेत आता जोर नाय."

"माका कोण उचलता!" आजी फणकारली. "माझा पाणी तापलेला आसला म्हणजे झाला."

ते तापवणं माझ्याकडे आलं. दोन हिवाळे मी ते नीट केलं. आजी न्हाऊन झाली की मागच्या दारात येऊन माझ्या टाकीवर थाप मारायची. "शाबास रे पुता," म्हणायची. यंत्राला असं कुणी म्हणत नाही. मला ते फार आवडायचं.

कृष्णनाथची बायको सुमंगला मला कधी काही बोलली नाही. पण एकदा मागच्या दोरीवर कपडे वाळत घालताना ती बहिणीशी फोनवर बोलत होती, ते मी ऐकलं. "वीस वर्सां ह्या बायेच्या भाणाखाली मी फुंकलंय गे. पावसातली ओली लाकडां. डोळे फुटायचे. आणि ही बोट घालून म्हणायची, कोमट आसा, आणि सगळा पाणी माझ्या देखत मोरीत ओतायची. परत तापय म्हणायची. आता मशीन इला. आता शाबास पुता!"

न्हाणीतल्या चुलीवरचा, पाणी तापवायचा तो तांब्याचा भाण आता घरात नव्हता. न्हाणीत टाइल्स बसवल्या तेव्हा चूल फोडली आणि भाण मोडीत गेला.

त्यामुळेच पुढचं झालं. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणी धुऊन भाणाची पूजा करतात. भाण घासून त्यावर चुन्याची बोटं ओढायची, कारिटाचा वेल आणि झेंडूची माळ गुंडाळायची, पाणी भरून ठेवायचं. पहिल्या दोन वर्षी आजीने बादलीवरच भागवलं होतं. तिसऱ्या वर्षी तिच्या मनाने घेतलं, की पाणी तापवतो तो भाण. मग पूजा त्याचीच.

संध्याकाळी ती वाटी घेऊन माझ्या मागे आली. तिने माझ्या पाठीवर, थेट त्या पात्यांवर, चुन्याची बोटं ओढली. पांढरी, जाड, ओळीने. वेल सगळ्या अंगाला गुंडाळला. माझ्यापुढे हात जोडले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? गेस्टहाऊसमध्ये मला कुणी फूल वाहिलं नव्हतं.

पहाटे पंखा सुरू झाला आणि झेंडूच्या पाकळ्या एकेक करून माझ्या पाठीला चिकटल्या. ओल्या चुन्यात त्या रुतल्या आणि वाळल्या. पूजेची माळ आपण होऊन सुकून गळेपर्यंत काढायची नाही, असा या घरातला रिवाज. माळ गळली, पाकळ्या राहिल्या. खाली चुना अॅल्युमिनियम खाऊ लागला.

मार्गशीर्षात थंडी पडली. डोंगराकडून गार वारा यायचा आणि माझ्या पाठीपाशी येऊन अडायचा. मी दिवसभर घरघरत राहायचो, तरी पाणी कोमटच. आजीची बोटं अर्धीच उघडू लागली.

तिने लेकाच्या मागे लागून बाबली मेकॅनिकला बोलावून घेतलं. बाबली आला तेव्हा कृष्णनाथ भाडं घेऊन गेला होता. आजी आत होती, आणि तिला कमी ऐकू यायचं. बाबली माझ्या पाठीमागे बसला आणि मोठ्याने हसला.

"वैनी, देव समजान पुजलात काय ह्याका? म्हणान देवासारखो गप बसलो!"

"सासूची भक्ती," सुमंगला म्हणाली.

"बिघडूक काय नाय. श्वास कोंडलो हा. नळीन पाणी सोडायचा, वरसून खाली, हळू. मऊ बुरूस, तोही उभोच. आडवो घासूचो नाय, पात्यो मुडतत. आणि बर्फ धरलो तर बटण बंद करून गप ऱ्हवायचा, आपसूक वितळता. टोचूचा तर नायच. आतसून गॅसची नळी गेलेली आसा."

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. "पाणी इल्यार करा. जमूक नाय तर माका फोन मारा, मी येवन करतंय," असं सांगून, मऊ ब्रश माझ्या डोक्यावर ठेवून बाबली गेला.

रात्री जेवताना कृष्णनाथने विचारलं असावं. सकाळी तो मागे आला तेव्हा म्हणत होता, "जुना झाला म्हणालो काय बाबली? मग काय करतलो आपण." तेव्हा मला कळलं, की सुमंगलाने काय सांगितलं होतं. ब्रश तिने शेजारच्या केळीत फेकला. मी बघितलं. पाणी दुसऱ्याच दिवशी आलं.

आजी वाट बघत राहिली. कोमट पाणी आता गार होत चाललं होतं. सुमंगला आपल्यासाठी आणि नवऱ्यासाठी गॅसवर पातेलं ठेवायची. आजीने मागितलं की म्हणायची, "गॅस संपता, आई. तुमका मशीन आसा मगे. पुत तुमचो."

मग एका सकाळी आजी स्वतःच मागे आली. भिंत धरत धरत. हातात नारळाचं सोडण, वरची राठ साल. भांडी घासायला तिने जन्मभर तेच वापरलं होतं. खाली बसायला तिला किती तरी वेळ लागला. मिटलेल्या बोटांच्या बेचक्यात सोडण अडकवून ती माझी पाठ घासू लागली. आडवी. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. चुन्याने कुजलेल्या पात्या गवतासारख्या आडव्या होत गेल्या, एकीवर एक.

दार उघडलं. सुमंगला चहाचा कप घेऊन उंबरठ्यावर उभी राहिली. तिला ठाऊक होतं. घरात फक्त तिलाच ठाऊक होतं. मला वाटलं, आता सांगेल. तिने चहाचा घोट घेतला.

"जोरान घासा, आई," ती म्हणाली. "मळ खूप आसा."

आजीने जोराने घासलं. घासून झाल्यावर माझ्यावर थाप मारली. "आता कर रे काम, पुता."

मी केलं नाही. करू शकलो नाही. दुसऱ्या सकाळी माझ्या पाठीवर बर्फ धरला होता, जाड, पांढरा. गोव्यात बर्फ! शेजारची जानकी मोबाइलवर फोटो काढून गेली. कृष्णनाथला टेम्पो बाहेर काढायची घाई होती. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि बर्फ टोचू लागला. सुमंगला त्याच्या मागेच उभी होती. तिचे ओठ उघडले, एवढं मी पाहिलं. पण तेवढ्यात फुस्स झालं. लांब, बारीक आवाज आला आणि माझ्यातलं सगळं निघून गेलं. मग कंप्रेसर बंद पडला.

त्यानंतर तीन दिवस आजी गार पाण्याने न्हायली. न्हाणीतून दातांचा आवाज यायचा. चौथ्या दिवशी तांब्या टाइलवर पडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. हाड मोडलं नव्हतं. ती फक्त उठू शकत नव्हती. बोटांना नळ धरता येत नव्हता. ओरडायची तिला लाज वाटली असणार. शेवटी तिने हाक मारली ती सुनेला नाही, देवाला. कृष्णनाथने तिला उचललं.

उचलावं लागलं. एवढंच ठरलं होतं.

त्याच आठवड्यात तिला डिचोलीच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात नेलं. टेम्पोत बसायच्या आधी ती मागे यायचं म्हणाली, पण पायऱ्या होत्या. "माका पंप बघूक दी एकदा," असं म्हणालेलं मला ऐकू आलं. "दुरुस्त झालो की आणतलंय तुका, आये," कृष्णनाथ म्हणाला.

दुपारी माणूस येऊन न्हाणीत गिझर बसवून गेला. अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळी सुमंगलाने पहिल्यांदा न्हाऊन बघितलं. बाहेर आली तेव्हा अंगातून वाफा येत होत्या. ती माझ्यासमोर पायरीवर बसली आणि रडली. कुणासाठी, मला कळलं नाही. मग उठून भात बघायला गेली.

आता माझ्यावर रिकामे डबे आणि केराची टोपली असते. भंगारवाला एकदा बघून गेला, शिगम्यानंतर येतो म्हणाला.

घरात मोबाइलला रेंज फक्त मागच्या पायरीवर येते. त्यामुळे दर रविवारी सकाळी कृष्णनाथ माझ्याजवळ बसूनच आईशी बोलतो. ती मोठ्याने बोलते, मला सगळं ऐकू येतं. तिथे न्हाऊ घालायला बाई येते, पण पाणी सगळ्यांना मिळून एकच बादली गरम. बोटं आता उघडत नाहीत. जेवणही भरवावं लागतं.

"पंप झालो काय रे?" ती विचारते. "मी लुगडी बांधून घेतलंय बाईकडसून."

"पार्ट येवचो आसा, आये."

"मुंबयसून?"

"हां. मुंबयसून."

"बरां. थांबतंय मी."

आत गिझरचा लाल दिवा विझतो. पाणी तापलेलं असतं. कृष्णनाथ उठून न्हायला जातो.

माझा कुठलाही पार्ट कुठूनही येणार नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर देवकीआजीला एवढं सांगा, की बांधलेली लुगडी सोडा, थांबू नका. पण हे सांगायच्या आधी तिथल्या बाईकडून एक भांडं ऊन पाणी मागून घ्या. तिचे हात त्यात बुडवा. बोटं उघडायला थोडा वेळ लागेल. उघडली की मग सांगा.