काही न वाटण्याची गोळी

मी गुणाजी. मुरुडच्या बाजारात सबनीस डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे पडद्यामागे बाटल्या भरत बसतो तो मी. कंपौंडर म्हणून अठरा वर्षं घासली, पण गावात मला कुणी विचारत नाही आणि मीही कुणाला भीक घालत नाही. एवढी एकच गोष्ट मात्र सांगून टाकायची आहे, कारण ती पोटात ठेवून मला जेवण जात नाही. आणि जेवण जात नाही असं डॉक्टरांच्या कानावर गेलं, तर ते मलाही गोळी देतील.

गोळी यायच्या आधी आमच्याकडे मिक्श्चर होतं. ते बनवायला दहा मिनिटं लागत. मी खल घोटायचा, बाटलीला कागदाची पट्टी कातरून चिकटवायची, आणि तोवर बाई बाकावर बसून सासू, नवरा, दीर, जावा या सगळ्यांचा उद्धार करायची. बाटली हातात पडेपर्यंत ती अर्धीअधिक बरी झालेली असे. बाटलीत काय होतं ते मला विचारू नका. लाल रंग होता, एवढं सांगतो.

मग त्रेसष्ट साली उन्हाळ्यात मुंबईहून एक टायवाला औषधं विकायला आला. एसटीनं त्याची पार हाडं खिळखिळी केली होती. दोन शहाळी प्याल्यावर त्याला कंठ फुटला. त्याने डॉक्टरांना समजावलं की देशातली निम्मी माणसं मनाने आजारी आहेत, फक्त त्यांना ते ठाऊक नाही. आमचे डॉक्टर माणूस वाईट नाहीत, पण विंचू आणि हिवताप यांच्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं. एकदम मनाचे डॉक्टर व्हायला मिळतंय म्हटल्यावर ते हरखले. टायवाल्याने छोट्या पिवळ्या गोळ्यांचे दोन खोके ठेवले आणि तो परतीच्या एसटीत चढला.

त्या गोळीची जादू बघा. तिला दहा मिनिटं लागत नव्हती. पुडी बांधायची, हातात द्यायची, पुढचा पेशंट. बाकावर बसून बोलायला आता वेळच उरला नाही.

सांगायची गंमत म्हणजे मनाचा आजारी स्वतःहून कुणी येत नसे. प्रत्येकाला दुसरं कुणीतरी धरून आणी. नव्या सुनेला माहेरची आठवण येते म्हणून सासू तिला घेऊन आली. कचेरीतल्या एका कारकुनाची बदली झाली आणि तो टेबलावर डोकं ठेवून बसू लागला, तर त्याचा वरिष्ठ त्याला घेऊन आला. तुळशीराम मास्तर पेन्शनीत गेल्यापासून दिवसभर घरातल्यांना शिकवत सुटले, म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला. सगळ्यांना गोळी मिळाली. सून गप्प झाली आणि सासूला बरं वाटलं. मास्तर गप्प झाले आणि मुलाला बरं वाटलं. असं औषध मी जन्मात पाहिलं नाही. घ्यायचं एकाने आणि गुण यायचा दुसऱ्याला.

खोटं कशाला बोलू, पोस्टमास्तरांच्या केसरबाईंना त्या गोळीने खरंच उठवलं. सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई, ती एक दिवस उठून पाणी भरायला लागली. तिच्यापुरता मी गोळीला हात जोडतो. पण एक केसरबाई बरी झाली म्हणून आख्ख्या गावाला केसरबाई समजायचं, हा कुठला न्याय?

आता आवडाबाईचं सांगतो.

आवडाबाई कोळीवाड्यातली. नवरा येसाजी छातीच्या दुखण्याने घरी बसलेला, जाळी विणतो. दोन मुलगे, कान्हा आणि सदा. दोघेही रावजी नाखव्याच्या होडीवर खलाशी. रावजीची होडी जुनी. गेल्या मार्गशीर्षात ती भर समुद्रात तळाकडून फुटली. कान्हा आत उतरून पाणी उपसत होता. बाकीच्यांना दुसऱ्या होडीने उचललं, होडीही ओढून आणली, कान्हा तेवढा आला नाही. रावजीने फुटक्या जागी पत्रा ठोकला, वर डामर फासलं आणि म्हणाला, झाली नवी.

आवडाबाई रडली तर सगळ्यांनी समजून घेतलं. पण तिने रडण्यावर भागवलं नाही. रोज संध्याकाळी मासळी विकून आली की पाटी खाली ठेवायची आणि रावजीच्या दारासमोर उभी राहायची. त्याच्या होडीची तळापासून डोलकाठीपर्यंत आणि त्याची आजापासून पणजापर्यंत सालं काढायची. शेवटचं वाक्य रोज एकच. माझा सदा या होडीवर चढणार न्हाय. मग पाटी उचलून घरी.

रावजीला शिव्यांचं काही नव्हतं, कोळीवाड्यात शिव्या काय कमी आहेत? त्याची गोम वेगळीच होती. आमच्याकडे नारळी पुनवेनंतर होडी पाण्यात घालायची तर त्या होडीवर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाच्या घरच्या बाईने नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कुंकू लावावं लागतं. एका जरी घरचं कुंकू राहिलं तरी होडीला कुणी हात लावत नाही. बाकीचे खलाशी रावजीचे मिंधे होते. त्यांच्या बायका मुकाट कुंकू लावणार होत्या, आणि सदालाही दुसरीकडे काम नव्हतं. अडलं होतं ते एका आवडाबाईच्या बोटापाशी.

तेव्हा रावजी तिला घेऊन दवाखान्यात आला. सोबत येसाजी होता, त्याच्या शब्दाखातर ती आली, पण तिला बाहेर बाकावर बसवून आत बोलला सगळं रावजीच. बाईचं मन ठिकाणावर नाही, सहा महिने झाले तरी विसरत नाही, औषधाचा खर्च मी करतो, शेवटी आपलीच माणसं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंन. डॉक्टरांनी आवडाबाईला आत बोलावून विचारलं की झोप येते का. ती म्हणाली, नाही. भूक लागते का. नाही. राग येतो का. ती म्हणाली, येणार न्हाय तर काय? डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून दिलं. राग कुणाचा येतो, एवढं काही त्यांनी विचारलं नाही. आणि पडद्यामागे पुडी कुणी बांधली? मीच बांधली. पगार त्याचाच घेतो मी.

पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. मग आवडाबाई संध्याकाळी रावजीच्या दारात उभी राही, पण दोन वाक्यांत आटपून घरी जाई. मग एक वाक्य. मग तेही बंद झालं. कोळीवाड्यात जो तो म्हणू लागला की कशी शहाण्यासारखी वागते आता. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला बायका घाबरायच्या, त्या आता स्वतः म्हणतील त्या भावात सुके बोंबील घेऊन जाऊ लागल्या. श्रावण लागला तेव्हा तिने स्वतःच्या हाताने सदाची कपड्यांची पिशवी भरून ठेवली. रावजीने डॉक्टरांकडे खाडीतला मोठा जिताडा मासा पाठवला. डोकं डॉक्टरांकडे गेलं, शेपूट माझ्याकडे आलं. मी खाल्लं, लाज वाटते सांगायला.

पुनवेला पाच दिवस उरले असताना आवडाबाई एकटीच पुडी न्यायला आली. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. ती बऱ्याच दिवसांनी बाकावर बसली. मी पुडी बांधून पुढे केली तरी तिने हात पुढे केला नाही.

"कंपौंडर," ती म्हणाली, "काल कान्हाचा सदरा हातात आला. मना काय वाटलाच न्हाय. सदऱ्यासारखा सदरा. मी रडाया बसले, त रडू येईना. ही गोली कशावरची हाय?"

अठरा वर्षं लाल पाणी विकताना जीभ अडखळली नाही, ती तेव्हा अडखळली. सांगितलं एवढंच की गोळी मनाला वाईट वाटू नये म्हणून आहे, आणि तिचे पैसे रावजी नाखवा देतो. हे दुसरं तिला ठाऊक नव्हतं. येसाजीने ते तिच्यापासून लपवलं होतं.

तिने पुडी माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवून दिली आणि पाटी उचलून चालती झाली. डॉक्टरांना मी काही बोललो नाही. वहीत पुडी दिल्याची खूण केली, नोकरीत पहिल्यांदाच खोटी. त्यानंतर ती पुडी न्यायला आलीच नाही.

पुनवेचा नारळ समुद्राला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात घालायची होती. मीही गेलो होतो किनाऱ्यावर, काम नसताना. बायका एकेक करून नाळेला कुंकू लावत होत्या. शेवटी आवडाबाई आली, नवं लुगडं, हातात तबक. रावजी हसून बाजूला झाला. सदा होडीजवळ पिशवी घेऊन उभा होता.

आवडाबाईने तबक वाळूत ठेवलं. कमरेची मासळी कापायची सुरी काढली, वाकली आणि होडीच्या पोटाखाली, पत्र्याच्या कडेच्या काळ्याकुळकुळीत डामरात खुपसली. जोर लावावा लागला नाही. भिजल्या पावात जावी तशी सुरी मुठीपर्यंत आत गेली. तिने ती तशीच राहू दिली आणि सगळ्यांकडे वळली.

"लावा कुंकू," ती म्हणाली.

एका खलाशाने आपली पिशवी उचलली, मग दुसऱ्याने. सदाने आईचं तबक उचललं आणि तो तिच्या मागून घरी गेला. उन्हं वर येईपर्यंत रावजी होडीजवळ एकटाच उभा होता. पुढे महिनाभराने सदाला राजपुरीच्या एका होडीवर काम लागलं, तिथे फळ्या बघून घेऊनच आवडाबाईने कुंकू लावलं. हे चांगलं झालं, आणि गोष्ट इथे संपली असती तर मी तुमचा वेळ खाल्ला नसता.

त्या दिवसापासून रावजी ढासळला. जेवेना, झोपेना, दारावर कुणी हाक मारली तरी दचके. आठवड्याने त्याची बायको त्याला दवाखान्यात घेऊन आली. गेल्या खेपेला सगळं तोच बोलला होता, या खेपेला बायको बोलली. मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो खालमानेने म्हणाला की पत्रा ठोकताना मला ठाऊक होतं. फळी कुजलेली आहे हे कान्हा बुडायच्या आधीही ठाऊक होतं. होडी फोडून जाळायची म्हणतो. येसाजीच्या पायावर डोकं ठेवीन म्हणतो.

पडद्यामागे माझे हात थांबले. देवाशप्पथ सांगतो, त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली. आयुष्यात कधी नव्हे तो रावजी नाखवा माणसात आला होता. अजून दोन दिवस तसाच राहता तर होडी जाळलीच असतीन.

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्या जवळ बसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रावजी," ते म्हणाले, "आपण अपराधी आहोत असं वाटणं हे या आजाराचं लक्षणच आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. महिन्याभरात काही वाटणार नाही."

आणि आत हाक मारली, गुणाजी, पुडी. मनात आलं की खडूच्या गोळ्या बांधाव्यात. पण डॉक्टर पडद्याशी येऊन उभे राहिले होते, आणि मला नोकरी हवी होती. बांधली.

डॉक्टरांचा शब्द खरा झाला. दसऱ्याला रावजी टुणटुणीत. ताव मारून जेवतो, ढाराढूर झोपतो, आवडाबाई समोरून गेली तर रामराम घालतो. होडी जाळायचं नाव नाही. सुरीने भोक पडलेली जागा बुजवली, वरून ताजं डामर दिलं, आणि जिथे त्याला कुणी ओळखत नाही अशा लांबच्या खाडीतलं गिऱ्हाईक आणलं. मी पुडी पोचवायला गेलो तेव्हा सौदा चालला होता. गिऱ्हाइकाने वाकून विचारलं, तळ कसा आहे? रावजीने तळहाताने होडीवर थोपटलं आणि म्हणाला, लोखंड. पूर्वी खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, सगळ्या बाजाराला ते ठाऊक होतं. त्या दिवशी मी मुद्दाम बघितलं. कान जसेच्या तसे होते.

मी तिथून उठलो तो तडक कोळीवाड्यात गेलो आणि आवडाबाईला सांगितलं. तेवढंच माझ्याच्याने झालं. ती भात वाढत होती. हातातला डाव तिने ठेवून दिला आणि कुठल्या खाडीत, कुठलं गाव, गिऱ्हाइकाचं नाव काय, असं खोदून खोदून विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी दवाखान्यासमोर उभी होती. आवडाबाई खिडकीशी बसली होती, आणि शेजारणीला, कंडक्टरला, समोरच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला, सगळ्यांना घसा फोडून सांगत होती की रावजी नाखव्याने आपली मढ्याची होडी परक्याच्या पोरांच्या गळ्यात बांधली आहे आणि ती ते होऊ देणार नाही. सगळा बाजार थांबून ऐकत होता. डॉक्टर दारात आले, एसटी सुटेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले, आणि हळहळून मला म्हणाले,

"पाहिलंत गुणाजी? गोळी मध्येच सोडली की माणसाचं असं होतं."