आधी ऐकू आलेला आवाज

मनाचं शास्त्र करायचं म्हणून प्राध्यापकसाहेबांनी महाविद्यालयाच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या मागून घेतल्या, तेव्हा सगळे त्यांना हसले. मन म्हणजे तत्त्वज्ञांचा प्रांत. त्यावर ग्रंथ लिहावेत, वाद घालावेत. ते मोजणार कशानं? साहेब म्हणायचे, "घड्याळानं." म्हणून तर त्यांना मी लागलो. घड्याळं दुरुस्त करणं हा माझा धंदा.

त्यांनी मागवलेलं घड्याळ एका सेकंदाचे हजार तुकडे करायचं. मांडणी मात्र सोपी होती. अलीकडच्या खोलीत मी चिमटीतली लोखंडी गोळी पितळी पत्र्यावर सोडायची. ती आपटली की काटा पळायला लागायचा. पलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसानं तारऑफिसात असते तसली किल्ली बोटानं दाबून धरलेली असायची. टण् ऐकू आलं की त्यानं बोट उचलायचं, की काटा थांबला. ऐकणं आणि उचलणं यांच्यामधल्या फटीत मन आपलं काम उरकतं, आणि ती फट मोजायची, असं साहेबांचं म्हणणं.

विद्यार्थी बसायचे, पण त्यांचं लक्ष चळायचं. साहेबांना स्थिर हाताचं माणूस हवं होतं. मी माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन गेलो. ताई हातमोजे शिवायची. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहत होती, आणि तिचा टाका कधी तसूभर हललेला मी पाहिला नव्हता.

"माझं मन मोजणार?" ती म्हणाली. "मोजून झाल्यावर परत देतील ना?"

पहिले तीन आठवडे ताईचा आकडा एकशेचाळीस तुकड्यांच्या आसपास राहिला. साहेब खूश होते. चौथ्या आठवड्यात तो नव्वदवर आला, मग साठ, मग वीस. आणि एका सकाळी गोळी पडली तरी काटा जागचा हललाच नाही. म्हणजे ताईनं बोट आधीच उचललेलं होतं.

"अंदाजानं उचलताय तुम्ही," साहेब दारातून म्हणाले.

"नाही हो. आवाज आला, मग उचललं."

मी घड्याळ खोलून पुन्हा जोडलं. तारा बदलल्या. भिंत दीड हात जाडीची होती, तरी दाराला आतून घोंगडी ठोकली. ताईनं बोट उचललं की आमच्या खोलीत वाजेल अशी एक लहानशी घंटी बसवली. गोळी कधी सोडायची ते माझ्यावर सोपवलं. कधी लगेच, कधी पाच मिनिटं थांबून.

मी चिमटीत गोळी धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, आत्ता नाही, थोडं थांबू. तेवढ्यात घंटी वाजली, आणि गोळी माझ्या बोटांतून सुटून पत्र्यावर पडली.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "कधी ठरवलंत सोडायचं?"

"ठरवलंच नव्हतं," मी म्हणालो. खरं बोलत होतो. आपला हात दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकतोय असं वाटून मी तो खिशात घातला.

पुढे दहा वेळा केलं. दहाही वेळा घंटी आधी, गोळी मागून.

"घंटीनं दचकताय तुम्ही," असं म्हणून साहेबांनी गोळी स्वतःच्या मुठीत घेतली आणि मला रुमाल काढायला लावला. त्यांची मूठ मी रुमालानं करकचून बांधली. आम्ही वाट बघत उभे राहिलो. खिडकीतून उन्हं टेबलावर आली होती, खाली अंगणात कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं. घंटी वाजली. गोळी पडली नाही.

साहेब हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बघितलंत? चुकल्या त्या! उगाच घाबरवलं आपण एकमेकांना." बोलता बोलता ते दातांनी रुमालाची गाठ सोडवायला लागले. गाठ सुटली, मूठ उघडली आणि गोळी घरंगळत थेट पत्र्यावर आपटली. टण्. काटा जागचा हलला नाही. ताईचं बोट तर केव्हाच उठलं होतं.

आम्ही पलीकडे गेलो. ताई हात मांडीवर ठेवून शांत बसली होती.

"या खेपेला किती आवाज ऐकलेत?" साहेबांनी विचारलं.

"एकच. मघाशी."

"आणि आत्ता? हा आत्ताचा?"

ताईनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "आत्ता कुठे काय वाजलं?"

साहेब खुर्चीवर बसले. मग त्यांनी वही ओढली आणि चौथ्या आठवड्यापासूनचे ताईचे सगळे आकडे एकेक रेघ मारून खोडले. समासात लिहिलं, सेकंदाच्या दहाव्या भागाहून लवकर आलेलं उत्तर चूक समजावं, धरू नये.

"खोडलंत होय?" मी विचारलं.

"शास्त्र नुकतं कुठे उभं राहतंय," ते म्हणाले. "हे त्याच्या डोक्यावर ठेवलं तर ते आत्ताच बसेल. ताईंना आता आणू नका."

घरी काही दिवस विचित्र गेले. दारावर थाप पडायच्या आधीच ताई दार उघडायला उठायची, आणि खरी थाप पडली की तिला ऐकू यायची नाही. मी काही विचारायला तोंड उघडावं, तर उत्तर देऊन ती पुन्हा शिवायला लागलेली असायची. "मला काहीच वेगळं वाटत नाही रे," ती म्हणायची. "तुम्हीच सगळे उशीर करताय." हळूहळू ते ओसरलं. महिन्याभरानं तिला किटलीची शिट्टी किटलीबरोबरच ऐकू यायला लागली. मी सुटकेचा नि:श्वास टाकला.

मग एका दुपारी मी दिव्याची काच पुसत होतो. ताई आतल्या खोलीतून धावत आली. हातात सुई तशीच, दोरा लोंबत होता.

"काय झालं? का हाक मारलीस?"

"मी? नाही मारली."

"मारलीस की! ताई म्हणून. केवढ्यांदा ओरडलास..." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. दाराच्या चौकटीला टेकली. मग हळूच म्हणाली, "फार घाबरला होतास रे तू."

त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. ताईशी काही बोलायचं असलं की मी उठून तिच्याजवळ जातो, खांद्याला हात लावतो, मग बोलतो. तिला मी अजून हाक मारलेली नाही.