माझ्या हातून झालेलं उद्घाटन

नात साक्षीला वसतिगृहात जागा हवी होती आणि अर्जाची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. मोबाइलवर अर्ज उघडेना, म्हणून शिरड शहापूरहून जीपने आम्ही हिंगोलीला थेट वसतिगृहांच्या सरकारी कचेरीतच गेलो.

तिथल्या संगणकावरही तेच. बटण दाबलं की थोडा वेळ पडदा पांढरा, मग फुलांच्या नक्षीत पाटी : 'भेटीबद्दल आभार. आपली सेवा हाच आमचा आनंद.'

"आजोबा, साइट बिघडली हाय. ही पाटी नुसती नटवलेली," साक्षी म्हणाली.

साइट सांभाळणारा प्रेमानंद हसला. "बिघाड दिसला की वरून नोटीस येते, बाबा. म्हणून या पाटीला 'सर्व ठीक' असा शेरा लावलाय. अहवालात आमची एकबी चूक न्हाई."

त्याने साइटचे नियम उघडून दाखवले. प्रत्येकावर मराठीत टीप होती. मी साठीत वाचायला शिकलो; अजून बोट ठेवून, मोठ्याने वाचतो.

'जुन्या साइटवर आलेल्यास नव्या साइटवर पाठवावे. आदेश, साहेब.'

'उद्घाटन होईपर्यंत नव्या साइटवर आलेल्यास जुन्या साइटवर पाठवावे. आदेश, मोठे साहेब.'

'दहा फेऱ्या झाल्यावर आभार मानावेत.'

"हा तिसरा कोणाचा?"

"माझा. माणूस किती फिरवायचा?"

"मग एक नियम काढ की!"

"कोणाचा काढू? दोघंबी साहेब. उद्घाटन झालं की दुसरा आपोआप रद्द. पण पाहुण्याची तारीखच मिळून न्हाई राहिली."

"पाहुणा कोण, ते लिहिलंय का?"

त्याने कागद पाहिला. "न्हाई."

"उद्घाटनाला लागतं काय?"

"नारळ, फीत, अन् रजिस्टरात सही."

"नारळ आमी फोडत न्हाई. फीत आण."

घड्याळात साडेचार झाले होते. प्रेमानंदने साक्षीकडे पाहिलं, एका फाइलची लाल नाडी सोडली आणि संगणकाला बांधली. मी कात्री चालवली. साक्षीने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मी रजिस्टरात सावकाश सही केली. प्रेमानंदने दुसरा नियम काढला आणि पाचला दहा कमी असताना अर्ज गेला.

साक्षीला जागा मिळाली. दोन महिन्यांनी पाहुण्यांची तारीखही मिळाली. मी मुद्दाम गेलो. चालू साइटचं उद्घाटन कसं करणार, म्हणून कचेरीने दुसरा नियम परत लावून ती सकाळपासून बंद ठेवली होती. पाहुणे दुपारी तीनला आले. तोवर अख्खा जिल्हा आभार वाचत बसला होता.

रजिस्टरात माझ्या सहीवर कोरा कागद चिकटवून पाहुण्यांची सही घेतली. मी जवळ जाऊन पाहिलं. कागद पातळ होता; खालचं 'पुंजाजी' मला बराबर वाचता आलं.