किसनरावांचं पातेलं

चिखलीच्या शेखरला हिशेबाची रंगीबेरंगी ॲपं चालत नसत. काळ्या स्क्रीनवर तो साध्या अक्षरांत नोंदी लिही, आणि एक कमांड दिली की सगळी येणी-देणी समोर हजर. पैसा कुठून आला नि कुठं गेला, या दोन्ही बाजू जुळल्याखेरीज ते सॉफ्टवेअर नोंद घेतच नसे. हा गुण माणसांत नाही, असं तो चाकणच्या कंपनीत डबा खाताना सांगे. माणसं डबे लवकर संपवत.

आहेरही त्यानं देण्यांत टाकले होते. त्याच्या वास्तुशांतीला मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या, साधनाच्या भावानं, देहूरोडच्या किसननं पाच हजार एक दिले होते. किसननं घर बांधलं तेव्हा शेखरनं तेवढेच दिले, ना कमी ना जास्त. वर, कौतुक होईल म्हणून रिपोर्टचा फोटोही धाडला: 'देणी: किसन, शिल्लक शून्य.'

कौतुक कसलं! सायलीच्या जावळाचं आमंत्रण द्यायला फोन केला, तर किसन म्हणाला, "दाजी, आपली फिट्टंफाट झाली न्हवं? आता दुसरा मामा बघा."

मामाच्या मांडीवाचून लेकीचं जावळ काढायचं कसं? साधना आधी रडली, मग बोलायचीच थांबली. शेखर मनापासून घाबरला.

"आरं शहाण्या," त्याची आई गोजाबाई म्हणाली, "आहेर वाढवून फेडत्यात. तेवढ्याला तेवढा दिला म्हंजी नातं मिटलं. जा, त्याच्याकडं कायतरी उसनं माग."

"आपल्याला काय कमी आहे?"

"म्हनूनच माग."

शेखर देहूरोडला गेला. आयुष्यात पहिल्यांदाच उसनं मागायचं, तर जीभ अडखळत होती. "किसनराव, जावळाच्या जेवणाला मोठं पातेलं हवं होतं."

"भाड्यानं मिळतंय की."

"मिळतं. पण तुमचंच पाहिजे."

किसन उठला. मग आत जाऊन त्यानं स्वतःच पातेलं गाडीत आणून ठेवलं. "न्या. आन परत द्यायची घाई केलीत तर याद राखा."

जावळ झालं. सायलीनं मामाची नवी पँट भिजवली, आणि मामा सगळ्यांना ती मिरवत हिंडला.

रविवारी शेखरनं पातेलं लख्ख घासलं, गाडीत ठेवलं, चावी लावली. किसनचं 'याद राखा' आठवलं, तशी चावी परत काढली. मग उतरून ते माळ्यावर नेऊन ठेवलं.

सॉफ्टवेअरला रुपयेच लागतात असं नाही, वस्तूही चालते. 'देणी: किसन, १ पातेलं.' महिनाअखेरीला रिपोर्ट काढला की शेखर आधी तीच ओळ शोधतो, आणि ती जागेवर दिसली की त्याला बरं वाटतं.